'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!'

पुण्यात नारायण पेठेत, वाडा पाडून बांधलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भिंतीला लागून लांबलचक टेबल, त्यावर झाकण काढून ठेवलेले सीपीयू, कोपऱ्यात धूळ उडवायचा ब्लोअर आणि प्रत्येक मशीनला चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी : 'स्लो चालतो', 'विंडोज टाकणे', 'डेटा महत्त्वाचा', 'व्हायरस'. यंदाच्या अंकाचा विषय 'भीती' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला हे टेबल आठवलं. घराघरांत कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग एक नवी भीतीही आली. या भीतीवर पोट भरणारे लोक कोण, त्यांचं काम चालतं कसं आणि घरातल्या माणसाने त्यातून सुटायचं कसं, हे इथे बसून पाहावं असं वाटलं.

दुकानाचे मालक पंचेचाळिशीचे. कॉलेजात असल्यापासून हेच काम करतात. मी गेलो तेव्हा एक निवृत्त शिक्षिका लॅपटॉपची बॅग छातीशी धरून आत आल्या.

"दादा, यात सोळा व्हायरस आलेत."

"कोणी सांगितलं, काकू?"

"तोच सांगतोय ना! सकाळपासून दर पाच मिनिटांनी."

लॅपटॉप उघडला. थोड्याच वेळात पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट सरकत वर आली. लाल ढाल, एका नामांकित अँटिव्हायरस कंपनीसारखं दिसणारं चिन्ह, आणि मजकूर : तुमची मुदत संपली आहे, सोळा व्हायरस सापडले आहेत, आजच नूतनीकरण करा, सवलत आहे. काकूंचा हात आपसूक माउसकडे गेला. मालकांनी तो अलगद थांबवला आणि चौकटीतल्या सगळ्यात बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे एका वेबसाइटचा पत्ता होता, अर्थ नसलेल्या अक्षरांची जुळवाजुळव. "काकू, हे तुमच्या अँटिव्हायरसने पाठवलेलं नाही. ही साइट बोलतेय. आणि तिला बोलायची परवानगी तुमच्याच लॅपटॉपने दिली आहे."

त्यांनी क्रोमची सेटिंग्ज उघडली. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साइट सेटिंग्ज, तिथून नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइटींची यादी समोर आली. एक पाककृतींची, एक मालिकांचे जुने भाग दाखवणारी, एक क्रिकेटचा स्कोअर देणारी आणि बाकी सगळ्या अशाच निरर्थक नावांच्या. एकेकीसमोरचे तीन ठिपके दाबून त्यांनी ती काढून टाकली. मग विंडोजच्या आत असलेल्या अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी लावली. ती होईपर्यंत काकू स्टुलावर बसून होत्या. तपासणीत काहीच सापडलं नाही. सोळा तर सोडाच, एकही नाही.

"म्हणजे पैसे भरले असते तर?"

"तर पैसे गेले असते. कार्डाचा नंबरही."

काकूंनी सकाळी पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं. त्याआधी विचारावं म्हणून अमेरिकेतल्या मुलाला फोन लावला. तिकडे रात्र होती, मुलाने फोन उचलला नाही, म्हणून त्या दुकानात आल्या. चौकशी करायला माणूस जवळ असणं किंवा नसणं, एवढ्यावर हा सगळा धंदा उभा आहे.

### पानाला तुमची डिस्क दिसत नाही

हे एकदा नीट समजून घेतलं की अर्धी भीती जाते. ब्राउझरमध्ये उघडलेलं कोणतंही पान तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फायली तपासू शकत नाही. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते मुद्दामच शक्य ठेवलेलं नाही. पानाला फार तर तुम्ही कोणता ब्राउझर आणि कोणतं विंडोज वापरता, कोणत्या देशातून आलात, एवढं कळतं. तेवढं कळलं की ते पान तुमच्या भाषेत, तुमच्या विंडोजच्या रंगात सजून समोर येतं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने आपल्या बंद दाराबाहेर उभं राहून आतल्या कपाटात किती झुरळं आहेत हे सांगावं, तसा हा प्रकार आहे.

पंधरा-सतरा वर्षांपूर्वी ही पानं विंडोज एक्सपीच्या 'माय कॉम्प्युटर' खिडकीची नक्कल करायची. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, त्यांच्यावरून सरकणारी हिरवी पट्टी, खाली झरझर पळणारी फायलींची नावं आणि वाढत जाणारा लाल आकडा. ते सगळं आधी तयार करून ठेवलेलं चलचित्र होतं. अ‍ॅपलच्या मॅकवर उघडलं तरी त्यात विंडोजचे ड्राइव्ह 'तपासले' जात. पुढे मे २०११ मध्ये मॅकवाल्यांसाठी वेगळं 'मॅक डिफेंडर' निघालं आणि अ‍ॅपलला त्यासाठी खास सुरक्षा दुरुस्ती काढावी लागली.

आता चलचित्राची जागा कोपऱ्यातल्या चौकटीने आणि पूर्ण पडदा व्यापणाऱ्या पानाने घेतली आहे. परवानगी कशी मिळवतात तेही मालकांनी दाखवलं. मालिकेचा भाग पाहायला जावं तर पडद्यावर येतं, 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.' माणूस दाबतो. त्या बटणाचा रोबोशी काही संबंध नसतो. त्या क्षणापासून ती साइट बंद असतानाही तुमच्या पडद्यावर हवी ती चौकट पाठवू शकते. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलेला नसतो, म्हणूनच अँटिव्हायरसला काही सापडत नाही. मग घरातले म्हणतात, 'अँटिव्हायरस टाकूनही जात नाही, म्हणजे फारच मोठा व्हायरस असणार.'

### कीवमधली कंपनी

हा धंदा अंधाऱ्या खोलीत एकट्याने बसणाऱ्या पोराने उभारला, असं चित्र आपल्या मनात असतं. ते खरं नाही. युक्रेनच्या कीव शहरात 'इनोव्हेटिव्ह मार्केटिंग' नावाच्या कंपनीचा कारभार चालत असे, आणि तो खऱ्या कंपनीसारखाच होता. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही तिची 'उत्पादनं'. नावं बदलायची, आतला ऐवज तोच. आधी मोठ्या जाहिरात कंपन्यांमार्फत साध्यासुध्या साइटींवर जाहिरात लावायची, जाहिरात दिसली की खोटी तपासणी सुरू करायची, आणि घाबरलेल्या माणसाला तीस ते सत्तर डॉलरना 'दुरुस्ती' विकायची. तक्रार करायला फोन करणाऱ्यांसाठी कॉलसेंटरही होतं. तिथे माणसाला गोड बोलून शांत करत, म्हणजे तो बँकेकडे जाऊन पैसे परत मागणार नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दहा लाखांहून जास्त ग्राहक फसल्याचा आरोप होता. २०१० मध्ये शिकागोत फौजदारी आरोपपत्र दाखल झालं, त्यात शैलेशकुमार जैन आणि ब्यॉर्न सुंदिन या दोन प्रवर्तकांची नावं होती. साठहून अधिक देशांतल्या लोकांना दहा कोटी डॉलरहून जास्तीला गंडवल्याचं त्यात म्हटलं होतं. २०१२ मध्ये कंपनीच्या एका उपाध्यक्षेला न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

'मी वाईट साइटींवर जातच नाही' हे दुकानात रोज ऐकू येणारं वाक्य. सप्टेंबर २००९ मध्ये खुद्द 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संकेतस्थळावर वाचकांना हीच खोटी तपासणी दिसली. एका टेलिफोन कंपनीच्या नावाने जाहिरातीची जागा घेतली होती, काही दिवस सरळ जाहिरात दाखवली आणि शनिवार-रविवारी तिची अदलाबदल केली. पुढच्याच वर्षी मिनियापोलिसच्या 'स्टार ट्रिब्यून' या दैनिकाबाबत तेच घडलं. लॅटव्हियातल्या लोकांनी एका हॉटेल साखळीची जाहिरात एजन्सी असल्याचं भासवलं, वृत्तपत्राच्या कर्मचाऱ्यांनी जाहिरात तपासून घेतली, ती स्वच्छ निघाली आणि चालू झाल्यावर आतला कोड बदलण्यात आला. त्यातला मुख्य आरोपी पेटेरिस साहुरोव्स याला २०१८ मध्ये ३३ महिन्यांची शिक्षा झाली. चांगल्या साइटवर गेल्याने धोका कमी होतो, संपत नाही. पानावरची जाहिरात पानाच्या मालकाची नसते, ती तिसऱ्याच ठिकाणाहून येते.

या धंद्याचं अर्थकारण उघडं पडलं ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांमुळे. खोटं अँटिव्हायरस विकणाऱ्या तीन टोळ्यांच्या सर्व्हरवरची माहिती त्यांना मिळाली आणि २०११ मध्ये त्यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका टोळीने तीन महिन्यांत सुमारे ८४ लाख कॉम्प्युटरमध्ये आपला प्रोग्रॅम घुसवला आणि त्यातल्या १ लाख ८९ हजार लोकांनी पैसे भरले. म्हणजे शंभरातल्या दोघा-तिघांनी. तेवढ्यावर एक कोटी तेरा लाख डॉलरच्या आसपास पोहोचता येत होतं. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. कार्डावरचे व्यवहार फार प्रमाणात उलटले तर बँका दुकानदाराचं खातं बंद करतात. तक्रारी त्या मर्यादेजवळ गेल्या की या टोळ्या अचानक उदार होत आणि मागेल त्याला पैसे परत देत. आकडा खाली आला की पुन्हा नकार. म्हणजे ज्याने तक्रार केली त्याला पैसे मिळायची शक्यता होती, आणि जो लाजून गप्प बसला त्याच्या पैशावर टोळी चालत होती.

### सेफ मोड, आणि 'एक्सप्लोरर' नावाची युक्ती

आपल्या मालकांनी तो काळ टेबलाच्या या बाजूने पाहिला. तेव्हाचं खोटं अँटिव्हायरस खरोखर मशीनमध्ये शिरायचं. टास्कबारवर ढाल बसायची, आणि तुम्ही काहीही उघडायला गेलात की संदेश यायचा, 'हा प्रोग्रॅम संसर्गित आहे.' नोटपॅड संसर्गित, कॅल्क्युलेटर संसर्गित, टास्क मॅनेजरही संसर्गित. ब्राउझरची प्रॉक्सी बदललेली असायची, त्यामुळे खऱ्या अँटिव्हायरसच्या साइटवर जाताच येत नसे. पैसे भरले तर एक नोंदणी क्रमांक मिळायचा, तो टाकला की चौकटी थांबायच्या, आणि माणसाला वाटायचं की औषध लागू पडलं.

"त्यावेळी आम्ही दुसऱ्या मशीनवरून मालवेअरबाइट्स उतरवून पेनड्राइव्हवर न्यायचो," मालक म्हणाले. "पण खोटं अँटिव्हायरस तेही चालू द्यायचं नाही. मग त्या फायलीचं नाव बदलून 'एक्सप्लोरर' ठेवायचं. विंडोजला लागणारा प्रोग्रॅम समजून ते सोडून द्यायचं, आणि आमचं काम व्हायचं." त्याआधी एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जायचं, आरकिल नावाचं छोटं साधन चालवून खोट्या अँटिव्हायरसची चालू प्रक्रिया मारायची, प्रॉक्सीची खूण काढायची, होस्ट्स फाइल तपासायची. एवढं करूनही मन साशंक असेल तर फोटो-कागदपत्रं बाजूला काढायची आणि फॉरमॅट मारायचा.

आता असं मशीन क्वचित येतं. विंडोजच बदललं. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये मोफत अँटिव्हायरस दिलं आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ते मशीनच्या आतच बसवून दिलं. प्रोग्रॅम घुसवणं अवघड झालं, तसा या लोकांनी रस्ता बदलला. मशीनमध्ये शिरण्याऐवजी मशीनसमोरच्या माणसालाच फोन करायला लावायचं.

### फोनवरचा 'इंजिनिअर'

या नव्या रीतीतलं पान पूर्ण पडदा व्यापतं. कर्कश भोंगा वाजतो, बाईचा आवाज इंग्रजीत सांगतो की तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, तो बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. माउस हलला तरी काही होत नाही असं वाटतं, कारण खोटा बाण पडद्यावर फिरत असतो किंवा बंद करण्याची खूण लपवलेली असते. प्रत्यक्षात काहीही लॉक झालेलं नसतं. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की बहुतेक वेळा पूर्ण पडदा सुटतो. नाही सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरायचं. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर विचारतो, मघाची पानं उघडू का? तिथे नाही म्हणायचं.

फोन केला तर पलीकडे 'मायक्रोसॉफ्टचा इंजिनिअर' असतो. तो घाई करत नाही. विंडोज आणि आर ही बटणं दाबायला सांगतो, एक शब्द टाइप करायला लावतो आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी असतात. मी दुकानातल्या अगदी नव्या, आदल्या दिवशी विंडोज टाकलेल्या मशीनवर तो उघडून पाहिला. तिथेही लाल ओळी होत्या. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा चालू झाली तरी विंडोज तिथे नोंद करतं. घरातल्या माणसाने ही खिडकी कधी पाहिलेली नसते, त्यामुळे लाल रंग पाहूनच तो खचतो.

दुसरी क्लृप्ती अधिक धूर्त. काळ्या खिडकीत 'असोक' ही आज्ञा द्यायला सांगतात. लांबलचक यादी येते, तिच्या शेवटी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा मोठा क्रमांक असतो. 'इंजिनिअर' म्हणतो, हा तुमच्या कॉम्प्युटरचा खासगी परवाना क्रमांक, मी वाचून दाखवतो, जुळतो का पाहा. आणि तो अक्षर न् अक्षर जुळतो. माणसाची खात्री पटते. तो क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजमध्ये हाच असतो! मी दुकानातल्या दोन मशीनवर शेजारी शेजारी ठेवून पाहिला, एका अक्षराचाही फरक नाही.

त्यानंतर एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा अल्ट्राव्ह्यूअर उतरवायला लावतात. ही साधनं स्वतः वाईट नाहीत, ऑफिसं रोज वापरतात. पण त्यातला आकडा फोनवर सांगितला की मशीन पलीकडच्याच्या हातात जातं. पूर्वी कोणी पैसे द्यायला नकार दिला तर हे लोक विंडोजच्या सिस्की नावाच्या सोयीने मशीनला पासवर्ड लावून निघून जात. मायक्रोसॉफ्टने ती सोयच २०१७ मध्ये काढून टाकली. आता पुढची पायरी बँकेची असते : 'तुमचे पैसे परत करतो, बँकेचं खातं उघडा.' पडद्यावर आकडा बदललेला दिसतो, 'चुकून जास्त गेले, उरलेले परत पाठवा' म्हणून विनवणी होते. खात्यात काहीच आलेलं नसतं. ब्राउझरमध्ये दिसणारं बँकेचं पान त्यांनी तेवढ्यापुरतं बदललेलं असतं.

हे लिहिताना मन जड होतं, कारण पलीकडचा आवाज बऱ्याचदा आपल्याच देशातून येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून उभी राहिली होती. मे २०२५ मध्ये सीबीआयने जपानच्या पोलिसांसोबत जपानी वृद्धांना असंच लुबाडणाऱ्या कॉलसेंटरांवर कारवाई केली. आपल्याकडे मिरा रोडला ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं होतं. तिथे सोंग अँटिव्हायरसचं नव्हतं, अमेरिकेच्या कर अधिकाऱ्याचं होतं, पण हातात लिहून दिलेलं संभाषण आणि घाबरवायची रीत तीच. बारावी, फार तर बीकॉम झालेली, इंग्रजी बरं बोलणारी ही मुलं महिन्याच्या पगारावर तिथे बसतात. काहींना पहिल्या आठवड्यातच कळतं आपण काय करतोय ते. जी मुलं उठून निघून जातात त्यांचं कौतुक व्हायला हवं, आणि जी थांबतात त्यांच्या आई-बापांनी 'नोकरी कसली आहे?' हे एकदा तरी खोदून विचारायला हवं.

### खऱ्यांचाही आधार, खऱ्यांचीही कसोटी

खोट्याला खऱ्याचा चेहरा लागतो. खऱ्या अँटिव्हायरसचा एक चेहरा आपल्या पुण्याचाच आहे. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणारी बरीच मशीनं फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसनेच बंद पडलेली असत. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होते, त्यांनी त्यावर साधनं लिहिली. १९९५ मध्ये त्यातून विकाऊ अँटिव्हायरस उभं राहिलं. २००७ मध्ये कंपनीने 'क्विक हील' हे उत्पादनाचंच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. त्या काळी व्हायरस शोधायचा तर आधी तो पकडून, उघडून, समजून घ्यावा लागे. नारायण पेठेतल्या आपल्या मालकांसारख्या शेकडो दुरुस्तीवाल्यांनी घराघरांत खऱ्या अँटिव्हायरसचे डबे पोचवले, त्यांच्या शब्दावर लोकांनी 'की' टाकून घेतली. या विश्वासावरच आज खोटी ढाल चिकटवली जाते.

पण घाबरवून विकण्याची सवय फक्त चोरांना आहे असं म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या ऑफिस डेपो या मोठ्या दुकान साखळीत मोफत 'पीसी तपासणी' होत असे. आधी ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे, कॉम्प्युटर मंद चालतो का वगैरे. एका जरी प्रश्नाला होकार मिळाला तर तपासणीत काही सापडो न सापडो, व्हायरसची लक्षणं दिसतात असा निकाल यायचा. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराने मिळून साडेतीन कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटवलं. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांना खोट्या इशाऱ्यांबद्दल दोन कोटी साठ लाख डॉलर मोजावे लागले. मोबाइलवरही तेच. २०१४ मध्ये गुगल प्लेवर 'व्हायरस शील्ड' नावाचं चार डॉलरचं अ‍ॅप हजारो लोकांनी घेतलं. त्यात बोट लावलं की ढालीवरची फुली जाऊन बरोबरची खूण यायची. बाकी ते काहीही करत नव्हतं. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेने २०१९ मध्ये अँड्रॉइडची २५० अँटिव्हायरस अ‍ॅप तपासली, तेव्हा किमान ३० टक्के धोके ओळखून निर्दोष अ‍ॅपवर खोटा आरोप न करणारी फक्त ८० निघाली. काही तर आपल्या यादीत नसलेल्या प्रत्येक अ‍ॅपला धोकादायक ठरवत होती, आणि स्वतःचं नाव यादीत घालायला विसरल्यामुळे स्वतःलाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरच्या विंडोजला त्याच्या आतलं अँटिव्हायरस आणि वेळेवर घेतलेले अपडेट बहुतेकांना पुरतात. विकतचं हवं असेल तर ओळखीच्या दुकानातून किंवा कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून घ्यावं. जे स्वतःहून पडद्यावर येऊन घाबरवतं, ते विकत घेऊ नये, मग त्यावर कोणाचंही चिन्ह असो.

### घरी बसून

शक्यता अशी आहे की हा अंक वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरी आत्ता ती चौकट येत असेल. मालकांनी सांगितलेली रीत इथे देतो. आधी चौकटीतलं काहीही दाबू नका, बंद करण्याची फुलीसुद्धा नको, कारण कधी कधी फुलीही चित्राचाच भाग असते. ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. पुन्हा उघडून नोटिफिकेशन्सच्या यादीतून अनोळखी साइटी काढा, आणि जमलं तर साइटींनी परवानगी मागायचीच नाही, अशी सेटिंग ठेवा. ब्राउझरमध्ये जोडलेली एक्स्टेन्शनं पाहा, जे तुम्ही टाकलेलं आठवत नाही ते काढा. मग विंडोज सिक्युरिटी उघडून पूर्ण तपासणी. मन मानत नसेल तर तिथेच 'ऑफलाइन स्कॅन' आहे. मशीन पुन्हा चालू होऊन विंडोज सुरू होण्याआधीच ते तपासतं, साधारण पाव तास लागतो, आणि लपून बसलेल्याला लपायला जागा उरत नाही. खरोखरच काही शिरलं असेल आणि मशीन ऐकत नसेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, सेफ मोडचा रस्ता आता तिथून जातो. सीईआरटी-इन ही सरकारी संस्था २०१७ पासून 'सायबर स्वच्छता केंद्र' चालवते, तिथेही मोफत सफाईची साधनं मिळतात.

कॉम्प्युटरवर रोजच्या वापरासाठी वेगळं साधं खातं असावं, ज्याला प्रोग्रॅम टाकायचा अधिकार नाही. घरच्या फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर असावी आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, म्हणून जुनं मशीन वापरणाऱ्यांनी आपल्या दुरुस्तीवाल्याला पुढचा मार्ग विचारावा.

आणि फोन झाला असेल, कोणाला मशीनमध्ये घेतलं असेल, पैसे गेले असतील तर? आधी इंटरनेट तोडा, वायफाय बंद करा किंवा वायर काढा. एनीडेस्कसारखं जे काही उतरवलं ते काढून टाका. पासवर्ड बदला, पण त्या मशीनवरून नव्हे, दुसऱ्या फोनवरून. कार्ड बंद करा. बँकेला लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पुढे जाईल त्याची जबाबदारी बँकेची असते. १९३० हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर तक्रार केली की पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवण्याचा प्रयत्न होतो. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

दुकानात बसल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पैसे गेलेली माणसं तक्रार करत नाहीत ती मुलांच्या रागाला भिऊन. 'बाबा, एवढंही कळत नाही?' हे वाक्य ऐकायला नको, म्हणून एकाने दुकानातही आवाज खाली करून सांगितलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकांना आणि कर्मचाऱ्यांकडून जाहिरात तपासून घेणाऱ्या दैनिकालाही जे चकवू शकलं, त्यात आपले आई-बाबा फसले तर त्यांना बोल लावू नका. आजच त्यांना फोन करा, वेळी-अवेळी विचारलं तरी चालेल असं सांगा, आणि १९३० हा क्रमांक कागदावर लिहून त्यांच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवायला लावा.